कोरा खळगा

लॅबमध्ये रक्त तपासायच्या प्लेटमधल्या एका खळग्यात आम्ही कुणाचंच रक्त घालत नाही, नुसतं पाणी घालतो. तो कोरा खळगा. तिथे रंग यायचाच नसतो. तो पहिल्यांदा निळा झाला तेव्हा मॅडम माझ्यावरच उखडल्या.

"थेंब उडाला असणार तुझ्या हातून. पाणी बदल."

पाणी बदललं, प्लेट बदलली, खळगा निळाच. तपासणीत वापरतो ती आमची अँटिबॉडी भारी हट्टी. सुजलेलं शरीर जे सायटोकाइन नावाचं प्रथिन सोडतं तेवढंच ती धरते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही; ते सापडलं तरच खळगा निळा होतो. मग नुसत्या पाण्यात तिला सापडलं कुणाचं?

माझ्या ताईचं रक्त याच अभ्यासात होतं. सांधे सुजून सुजून ती गेली, तिच्या रक्ताची शेवटची नळीही संपली. बोटं सुजायला लागली तेव्हाच तिने अंगठी काढून माझ्या हातात ठेवली होती.

"सांभाळ गं. सूज उतरली की परत घेईन."

मला ती ढिली होते, म्हणून दोरा गुंडाळून घालते.

त्या पहिल्या दिवसानंतर रोज कोऱ्या खळग्यातला निळा रंग थोडा थोडा फिका होत गेला. मॅडमना हायसं वाटत होतं. मला मात्र प्लेटकडे बघवत नव्हतं.

आज दुपारी खळगा स्वच्छ राहिला.

"उतरला बाई एकदाचा रंग!" मॅडम म्हणाल्या.

मी हातमोजा काढला. तो कुठेही फाटलेला नव्हता. बोटावर दोरा तसाच होता, गाठीसकट.

अंगठी नव्हती.