दुधावरची साय

बाळ सकाळी गेलं होतं. फ्रीजमधून आणून खाटेशेजारी ठेवलेल्या वैदेहीच्या दुधावर मात्र सायीचा पिवळसर थर धरला होता. ती बाटलीकडे बघत राहिली.

बाळ फार लवकर जन्मलं. श्वास सोडताना फुप्फुसातले बारीक फुगे आतून चिकटू नयेत म्हणून तिथे स्निग्ध पदार्थाचा पातळ थर लागतो. तो त्याच्यात तयारच झाला नव्हता आणि औषधानंही भागलं नाही. ती कॉलेजात हेच शिकवायची. स्निग्ध रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपट्या पाण्यापासून पळतात. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, कीर्तनात त्याचा दृष्टांत केला होता. "डोकं देवाकडे. आणि शेपट्या कोणत्या? एक मी, दुसरी माझं." सगळं देऊळ हसलं होतं.

आता अण्णा तिच्या खाटेशी बसले होते. "बयो, जन्मभर लोकांना समजावलं. तुला सांगायला एक दृष्टांत सापडत नाही गं."

"नका सांगू, अण्णा. नुसते बसा."

सिस्टर दाराशी घुटमळल्या. "ताई, हे दूध दूधपेढीला देऊ का? आत एका बाळाच्या आईला दूधच येत नाहीये."

वैदेहीनं बाटली उचलली. साय काचेलाच चिकटून राहिली असती तर त्या बाळाला पातळ पाणीच गेलं असतं. तिनं बाटली तळव्यांत धरून हळूहळू फिरवली, कुणाची झोप मोडू नये इतकी हळू. साय दुधात मिसळली.

तिनं हात पुढे केला, पण बोटं सुटेनात.

अण्णांनी ती एकेक करून सोडवली.