दहा मिनिटांची सवलत

गोऱ्या साहेबाच्या काळातल्या त्या पोस्टाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ कायम दहा मिनिटं मागे असायचं, आणि टपालाची खिडकी त्याच घड्याळाच्या पाचला बंद व्हायची.

"शंभर वर्षांत ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही?" इमारतीची डागडुजी करायला आलेला तज्ज्ञ हसला.

"चूक कसली? पहिल्या पोस्टमास्तरांनी मुद्दाम ठेवलंय तसं, धापा टाकत येणाऱ्यांसाठी," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याने ऐकलं नाही. घड्याळ अगदी सेकंदाबरहुकूम लावून दिलं.

महिन्याभराने तोच धापा टाकत खिडकीशी आला. हातात याच कामाच्या पुरस्कारासाठीचा अर्ज होता, आणि त्यावर आजचाच शिक्का हवा होता.



खिडकी लावून घेत बाई म्हणाल्या, "पाच वाजून चार मिनिटं झाली साहेब. घड्याळ आता मुळीच चुकत नाही हो!"