बिनचापाचं रिलीज

बाण टार्गेटच्या निळ्या कड्यात गेला. यतीनने दुर्बीण खाली केली आणि खिशातलं जुनं रिलीज चाचपलं.

कानोत्याजवळच्या मैदानावर सकाळपासून पन्नाशीपुढच्या बायकांची निवड चाचणी चालू होती. राजस्थानच्या संघात तिघींना जागा होती. अर्धे बाण मारून झाले होते आणि अनुया पाचवी होती. ही जागा आपल्या बायकोला किती हवी आहे ते यतीनला माहीत होतं. गेलं सबंध वर्ष कॅन्सरच्या उपचारांत गेलं. हाताला सलाइन लावलेलं असतानाही ती एकच बोलायची, पुढच्या चाचणीला मी उभी राहणार.

ती उभी राहिली, पण इतकी वर्षं वापरलेलं रिलीज बाजूला ठेवून.

तिच्या कंपाउंड धनुष्याची दोरी नुसत्या बोटांनी ओढत नाहीत. रिलीज नावाच्या, मुठीत मावणाऱ्या आकड्याने ओढतात. तिचं जुनं रिलीज मनगटाला बांधायचं होतं आणि त्याला बंदुकीसारखा चाप होता. तर्जनीने हलकेच दाबला की बाण सुटायचा. नव्याला चापच नव्हता. दोरी पूर्ण ओढायची, नेम धरायचा आणि पाठ आवळत राहायचं. मूठ कणभर फिरते आणि बाण आपोआप सुटतो. नेमका कधी, ते मारणाऱ्यालाही कळत नाही.

होळीनंतर तिने ते आणलं आणि नेम बिघडला. मधल्या पिवळ्यात जाणारे बाण बाहेरच्या लालनिळ्यात विखुरले. एकदा तर दोरी ओढतानाच ते सुटलं, मूठ तोंडावर आदळली आणि ती फुटका ओठ घेऊन विद्याधर नगरच्या घरी आली.

"बाण टार्गेटला मारायचा असतो," यतीन बर्फ देत म्हणाला होता.

"तेवढं कळतं मला. आधी ओठावर सराव करून घेतला."

का बदललंस, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. याने नेम चांगला लागतो. तिचे प्रशिक्षक गजेंद्रजीही तिचीच बाजू घ्यायचे. "भाईसाहब, टाइम लगेगा. उंगली जल्दबाजी करती है, पीठ नहीं करती." यतीनला ते पटायचं नाही. विमा कंपनीत जन्म काढलेला माणूस. चालू असलेली गोष्ट बदलू नये, असं त्याचं मत होतं.

मधली सुट्टी झाली तसा तो तिच्याकडे गेला. तिने कंबर पुढे केली. "भात्याचा पट्टा सैल झालाय. आवळा जरा." आजारपणापासून तिचे पट्टे आणि बटणं तोच लावायचा. त्याला ते आवडायचंही. पट्टा आवळून झाल्यावर त्याने जुनं रिलीज तिच्यापुढे धरलं.

"अहो, तुम्ही हे खिशात घालून आलात?"

"यावर तुझा हात बसलेला आहे. आजच्यापुरतं घे."

"नको."

"हट्टापायी जागा जाईल, अनुया."

"गेली तर माझी जाईल. आणि दुर्बीण बाणाकडे धरा. मघापासून माझ्यावर रोखलीय."

तो परत जाऊन बसला, आणि तरीही दुर्बीण तिच्यावरच धरली. आता त्याला फरक दिसू लागला. शेजारच्या बायकांचा नेम पिवळ्यावर आला की त्यांचं बोट चापावर झडप घालायचं, खांदा हलायचा आणि बाण भरकटायचा. अनुया मात्र दोरी ओढून नुसती उभी राहायची. चेहऱ्यावर घाई नाही की भीती नाही. बाण सुटायचा तेव्हा तिची पापणीसुद्धा लवायची नाही. एक पिवळ्यात गेला. मग त्याच्या शेजारी दुसरा. पाचवीची ती चौथी झाली.

शेवटच्या बाणाला वारा आला. मैदानातली धूळ उठली. तिने ओढलेली दोरी सावकाश परत नेली आणि धनुष्य खाली केलं. घड्याळाचे सेकंद पळत होते. ती धूळ खाली बसायची वाट बघत राहिली. मग तिने पुन्हा दोरी ओढली आणि थांबली. इतकी वर्षं तो तिला बाण मारताना बघत आला होता, पण इतकं शांत उभं राहिलेलं माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बाण पिवळ्यात, अगदी मधोमध बसला. गजेंद्रजींनी नावं वाचली. तिसरं नाव तिचं होतं.

चहावाल्याने काचेच्या ग्लासांतून उकळता चहा आणला. यतीनला ग्लास धरवेना, त्याने तो रुमालात धरला. अनुया संघातल्या दोघींशी बोलत होती. काठोकाठ भरलेला ग्लास तिच्या उजव्या हातात होता. ती हसत होती आणि तिच्या बोटांची टोकं लालभडक झाली होती.

यतीनने ग्लास तिच्या हातातून काढून घेतला. चटका बसला म्हणून त्याने तो घाईने बाकावर ठेवला.

"भाजतंय तुला, अनुया."

तिने आधी बोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"औषधं चालू होती तेव्हापासून. बोटं बधिर झालीत. सांगितलं असतं, तर तुम्ही मला मैदानावर येऊच दिलं नसतं."

"आणि नेम चांगला लागतो म्हणालीस, ते?"

"चाप बोटाला कळतच नव्हता हो," ती म्हणाली. "पाठ तेवढी शाबूत होती. मग म्हटलं, पाठीने मारू."