जसंच्या तसं

रत्नाबाई माइकपुढे उभ्या राहिल्या आणि आधी पदर सारखा केला. शेजारी त्यांची सून, कांचन. रत्नाबाईंनी मराठीत बोलायचं, कांचनने ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं होतं.

समोर उंच टेबलामागे काउंटीची, म्हणजे अमेरिकेतल्या ह्या जिल्ह्याची, पाच माणसं बसली होती. काउंटीचा दवाखाना खाजगी कंपनीच्या हाती द्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. कंपनीचा गुलाबी टायवाला माणूस पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून नुकताच खाली बसला होता. कंपनी आली की इन्शुरन्सचं कार्ड असेल त्यालाच आत घेणार, हे कांचनने कानात सांगितलं होतं. रत्नाबाईंकडे कार्ड नव्हतं. मुलाच्या, गिरीशच्या इन्शुरन्समध्ये बायको बसत होती, आई बसत नव्हती. त्यांची शुगर ह्याच दवाखान्याच्या जिवावर चालली होती.

"आई, आपण बाहेरची माणसं. गप्प राहिलेलं बरं," गिरीश सकाळी म्हणाला होता.

"मी असेन बाहेरची. शुगर इथलीच आहे. तुमचे केक खाऊन वाढलेली."

रत्नाबाईंना धास्ती वेगळीच होती. कांचन त्यांचं बोलणं नेहमी छाटायची. डॉक्टरपुढे ह्यांनी गुडघ्याचं सगळं रामायण सांगावं आणि तिने ते दोन शब्दांत उरकावं. शेजारणीच्या कुत्र्याला दिलेल्या शिव्यांचं तर इंग्रजीत 'थँक्यू' झालं होतं.

"सगळं सांगशील ना गं?"

"अहो आई, तुम्ही बोला तर."

रत्नाबाई बोलल्या.

"आमच्याकडे हळदीकुंकू असतं. गावातल्या सगळ्या बायकांना बोलावतात. नवरा गेला त्या वर्षीपासून मला बोलावणं येईना. एकदा चुकून गेले, तर दारातल्या बाईने आधी माझं कपाळ बघितलं. तशीच मागे फिरले. दारातून परत फिरणं काय असतं, ते मला विचारा. ह्या दवाखान्यात माझं कपाळ कुणी बघितलं नाही. आधी नाडी बघितली. उद्या तुम्ही दारात कार्ड बघणार. म्हणजे कपाळच की ते!"

मग त्या गुलाबी टायकडे वळल्या.

"आणि हा बाबा. एवढी चित्रं दाखवलीस, त्यात एक आजारी माणूस नाही. सगळे आपले दात काढून हसताहेत. एवढी धट्टीकट्टी माणसं आहेत तुझ्याकडे, तर मेल्या, दवाखाना हवाय कशाला तुला?"

कांचन सुरू झाली. रत्नाबाई नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी थांबत नव्हती. एका ठिकाणी तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला, आणि हॉलमधली कुजबुज थांबली. मग तिने बोट त्या माणसाकडे केलं, आणि सगळा हॉल हसला. हसायला हवं होतं नेमकं तिथेच. गुलाबी टायवाल्याने मान खाली घालून आपला टाय बघितला.

त्यांच्यानंतर आणखी कितीतरी माणसं बोलली. एक ट्रकवाला बोलला, एक मेक्सिकन आजी बोलता बोलता रडली. मग टेबलामागच्या पाच जणांचे हात वर झाले. कंपनीच्या बाजूने दोन, दवाखान्याच्या बाजूने तीन.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन पडलं होतं. कांचन किल्ली शोधत होती.

"खरं सांग, काय काय गाळलंस?"

"काही नाही. फक्त 'मेल्या'ला इंग्रजी शब्द सापडेना."

"म्हणजे तेवढं गाळलंसच."

"छे हो," कांचनने त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. "ते मी मराठीतच म्हटलं."