हत्तीएवढी गाडी

“काळी होती, डॉक्टर. हत्तीएवढी! धडक दिली आणि पसार झाली,” म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरून दाखवलं. सकाळी हवालदारालाही त्याने हेच सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडाकडे धरला. नडगी मोडली होती. कंबर शाबूत, बरगड्या शाबूत. पाठीत रुतलेल्या काचा तेवढ्या काढाव्या लागल्या होत्या.

“तुम्ही पोस्टमन होता ना, आजोबा?”

“जन्मभर रस्ते तुडवले. कुत्र्यांशिवाय कुणी अंगावर आलं नाही.”

बाई हसल्या, पण नजर त्या फिल्मवरून हटेना. इतकी वर्षं मोडकी माणसं सांधूनही त्यांना हा हिशेब जुळत नव्हता.

“उंच गाडीचं नाक इथं बसतं,” त्यांनी त्याच्या छातीपाशी हात धरला. “कंबर जाते, छाती जाते. माणूस पुढे पडतो आणि चाकाखाली सापडतो. तुमचं सगळं उलटंच! धक्का बसला गुडघ्याखाली. पाय गेला, पण तुम्ही वर उचलले गेलात, बॉनेटवरून थेट काचेवर. निम्मा दणका त्या पत्र्यानेच खाल्ला. आजोबा, ती गाडी मोठी नव्हती. बुटकी होती, एवढीशी.”

म्हाताऱ्याचे हात हळूच खाली आले. त्याने दाराकडे पाहिलं.

बाहेर बाकावर त्याची सून बसली होती. कालपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. आत ये म्हटलं तरी येत नव्हती. सासऱ्यावर फार जीव दिसतो, असं नर्स म्हणाली होती.

“नक्की?” त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “लहान होती म्हणून वाचलो?”

“मोठी असती तर आज आपण बोलत नसतो.”

म्हातारा कितीतरी वेळ स्वतःच्या छातीवर हात ठेवून पडून राहिला. श्वास येतोय, जातोय, हे जणू पहिल्यांदाच कळत होतं. डोळे भरून आले.

“डॉक्टर, एक काम कराल? हवालदाराचं मी बघतो. तुम्ही बाहेर जा आणि माझ्या सुनेला हे सगळं सांगा, अगदी असंच. म्हणावं, रडू नकोस पोरी, तुझ्याच गाडीने सासऱ्याला झेललं.”