तिसरा गोल

गौरेशने शिडीला लाथ घातली. दिनकर वरून सरळ चिऱ्यांच्या ढिगावर आला, आणि त्याच्या अंगावर रंगाचा डबा. डावा कोपर कटकन वाजला. तो ओरडला, पण मये गावच्या त्या मैदानावर भर दुपारी ऐकायला होतं कोण? एक गौरेश, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला गौरेशचा बाप, सगुण.

दिनकरची चूक म्हणाल तर एवढीच, की त्याला गप्प बसता आलं नाही. कोल्हापूरचा गडी. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत शेड रंगवतो, बोर्ड लिहितो. आणि फुटबॉलचा किडा असा, की देशाच्या टीमकडून कुणी, कुठल्या साली, कुणाविरुद्ध हॅट्ट्रिक मारली, सगळं तोंडपाठ. उद्या सकाळी मैदानाला सगुणचं नाव द्यायला आमदार येणार होता. बोर्डावर ‘सगुण मैदान’ लिहून झालं, खाली ‘भारतीय संघासाठी’ लिहून झालं. पुढचा शब्द ‘हॅट्ट्रिक’. तिथे या शहाण्याने ब्रश थांबवला.

“काका, एक सांगू का? त्या मॅचचे तुमच्या नावावर दोनच गोल हाईत. तिसरा सेल्फ गोल लिवलाय, त्यांच्या गोलकीपरचा. हॅट्ट्रिकच्या यादीत तुमचं नावच न्हाई. कुणीतरी तक्रार करायला पायजे बघा.”

अहो, म्हाताऱ्याच्या बाजूनेच बोलत होता बिचारा! पण गौरेशला ‘नावच नाही’ एवढंच ऐकू आलं. चाळीस वर्षं तो ‘हॅट्ट्रिकवाल्या सगुणचा पोर’ म्हणून वाढला. शाळेत तेच, नोकरी लागताना तेच, सोयरीक जुळवतानाही तेच. त्याची स्वतःची अशी दुसरी ओळख नव्हतीच.

“घाट्या, माझ्या बापाशीक खोटो ठरवतंस?”

त्याच्या पायात कंपनीचे बूट होते, पुढे लोखंड असलेले. पहिली लाथ बरगडीत बसली. दिनकरचा श्वास अडकला. कसाबसा म्हणाला, “चुकलं दादा, माझं चुकलं!” चुकलं म्हटल्यावर तरी माणसाने थांबावं की नाही? दुसरी लाथ पोटात बसली. दिनकर ओकला. पांढऱ्या रंगात आणि ओकारीत तो गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि त्याने तोंड हाताखाली लपवलं.

गौरेशने त्याचे केस धरले, तोंड वर फिरवलं आणि चार पावलं मागे गेला. पेनल्टी मारायला जातात तसा.

ते सगुणने बघितलं. ज्याला खुर्चीतून उठायला एरवी दोन माणसं लागायची, तो म्हातारा धावला. “तोंडार नाका! गौरेश, तोंडार नाका!” तो दिनकरवर आडवा पडला आणि पंजा त्याच्या तोंडावर ठेवला. लोखंडी बूट त्या पंजावर बसला. दोन बोटं उलटी वळली.

“बाबा! मदी कित्याक पडलंस?”

सगुणने मोडलेला हात छातीशी धरला. रडत होता तो. बोटांसाठी नव्हे.

“बॉल त्याच्या हातात होतो,” तो म्हणाला.

“कोणाच्या?”

“त्या गोलकीपराच्या. जमनीर पडून पोटाकडे धरललो त्यान. मी बॉलाक मारूंक नाय. तोंडार मारली. आता तू मारतलंस तशीच. बॉल हातातसून सुटलो नि गेलो आत. रेफरीक काय दिसला नाय. गोल त्याच्या नावार लिवलो. गावात येवन मी तीन सांगले.” सगुणला दम लागला. “डोळो पण त्याचोच गेलो.”

गौरेशने हळू आवाजात विचारलं, “ह्यां आणि कोणाक सांगलंस?”

“कोणाकच नाय. तुझ्या आयेकय नाय.”

गौरेशने मैदानभर नजर फिरवली. कुणी नव्हतं. होता तो फक्त दिनकर. गौरेशने बूट त्याच्या मोडलेल्या कोपरावर ठेवला.

“तू काय आयकलंस?”

“कायबी न्हाई!”

बूट दाबला गेला.

“आईशप्पत! कायबी न्हाई ऐकलं, दादा! कायबी न्हाई!”

“मग चड वर. बोर्ड पुरो कर.”

“पुरो रे, गौरेश,” सगुण म्हणाला. “ऱ्हवांदी तो बोर्ड.”

“तू गप बस. नाव तुझां, पण त्या नावार जगलो मी.”

त्याने स्वतःच शिडी उभी केली आणि दिनकरला काखेत धरून पहिल्या पायरीवर ठेवलं. दिनकर चढला. डावा हात लोंबत होता, म्हणून छाती शिडीला टेकवून एकेक पायरी. नाकातून रक्त गळत होतं, ते त्याने बाहीला पुसलं. डब्याच्या तळाला उरलेल्या रंगात ब्रश बुडवला, ‘हॅ’ काढला आणि थांबला. या माणसाच्या देखत चूक करायची आता कुणाची छाती होती?

“दादा,” त्याने खाली न बघता विचारलं, “ह्यात ट किती येत्यात? एक का दोन?”

गौरेशला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं तोंडात घोळवलेला शब्द, पण लिहितात कसा ते त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याने बापाकडे बघितलं.

“दोन,” सगुण म्हणाला. “दोनच होते.”