तिरका फ्रॉक

शर्वरीच्या पत्राला आप्पांनी उत्तर दिलंच नव्हतं. "आप्पा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. ऑपरेशननंतर माझी पाठ सरळ होईल ना? खरं सांगा," नातीने विचारलं होतं. खोटं लिहायला हात धजेना आणि खरं त्यांना ठाऊक नव्हतं.

आता ते ऑपरेशन थिएटरबाहेर बसले होते. मज्जारज्जूला धक्का लागला तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळची दुपार झाली, तरी मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं. अखेर दार उघडून डॉक्टर म्हणाले, "पायाची बोटं हलवली तिने." आप्पांनी पुस्तक मिटलं.

घरी जायच्या दिवशी शर्वरी जुना फ्रॉक घालून उभी राहिली, तर त्याची डावी बाजू खाली लोंबली. वाकड्या पाठीमुळे घेर वर उचलला जाई, म्हणून आई ती बाजू मुद्दाम लांब शिवायची.

"आई, शिवताना चुकलीस," शर्वरी म्हणाली. "आणि आप्पा, माझं उत्तर?"

"देतो की."

"तोंडी नको. पोस्टाने."

संध्याकाळी आप्पांनी कार्डावर लिहिलं, "आईला तुझे सगळे फ्रॉक पुन्हा शिवावे लागणार. खरं सांगतोय." आणि ते पेटीत टाकून आले.